आणि इतर

ताडदेवच्या स्टुडिओत मी पैसे वाटायचो.
गाणं कळण्याशी माझा संबंध नव्हता,
व्हाउचरशी होता.
गिटार एक : साठ रुपये. गिटार दोन : पंचेचाळीस.
मधल्या पंधरा रुपयांत काय ऐकू येतं
ते मी कधी विचारलं नाही.

हर्बर्ट क्रियाडो, मरोळ गावठाण.
पहिल्या वर्षी मी त्याला हरबट लिहिला,
मग हर्बट, एकदा तर चक्क हरभट,
आणि त्या भटाच्या नावापुढेही तो
रेव्हेन्यू तिकिटावर मुकाट सही करून गेला.

केस खांद्यापर्यंत होते तेव्हा.
‘कोल्ड सोडा’ नावाचा चौघांचा बँड,
कॉलेजांच्या मैदानांवर अँप तापून वास येईस्तोवर वाजवायचे.
गाणारा कॅनडाला गेला. ड्रमवाला बँकेत चिकटला.
बेसवाल्याच्या सासऱ्याची बेकरी होती.
उरला हा,
आणि तीन हप्ते बाकी असलेली लाल गिटार.

एका दुपारी लावणीचं रेकॉर्डिंग.
तुणतुणेवाला साताऱ्याहून पोचलाच नाही,
स्टुडिओचं भाडं तासावर,
संगीतकार घड्याळाकडे बघतोय, मी संगीतकाराकडे.
हर्बर्टने माझ्याकडे काडेपेटी मागितली.
मी म्हटलं, आत सिगारेट चालत नाही.
त्याने एक काडी मोडली, तारेखाली सारली,
आणि लाल गिटारीतून तुणतुणं बोलायला लागलं.
ढोलकीवरच्या रंगनाथ खुड्यांनी मान वर केली नाही,
फक्त थाप जरा मोकळी सोडली.
त्या धंद्यात हीच शाबासकी.

व्हाउचर करताना मी अडलो.
तुणतुण्याचा दर तीस.
‘तीसच लिव,’ म्हणाला, ‘तुनतुनाच वाजवला ना मी.’
काडेपेटी मात्र परत केली नाही.

मग दादरच्या हॉलमधली ती रात्र.
मी ॲडव्हान्सचं पाकीट घेऊन विंगेत उभा.
पुढे चकाकत्या जाकिटातला मोठा गिटारवाला,
त्याच्यावर सगळा उजेड,
आणि ऐन सोलोत त्याची तार तुटली.
मी ती तुटताना पाहिली,
उजेडात केसासारखी उडाली.
पण सूर थांबला नाही.
पुढचा माणूस बोटं नाचवत राहिला,
आणि मागे, ड्रमच्या आडोशाला, काळोखात
हर्बर्ट खाली बघून
त्याचा सोलो शेवटपर्यंत वाजवत होता.
लोक उभे राहिले. जाकीट तीनदा वाकलं.
मी नंतर म्हटलं, अरे, सांगायचंस तरी.
‘काय सांगू? गाना चालू होता ना, बाबा.’

त्या कार्यक्रमाची कॅसेट निघाली.
भिंग लावून कव्हर वाचलं मी.
सतारीचं नाव, बासरीचं नाव,
साउंडवाल्याच्या मदतनिसाचंही,
आणि खाली : आणि इतर.
घरी बायकोला दाखवलं, हा बघ, हा आमचा.
ती म्हणाली, कुठला?

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी
मीच त्याला घेऊन गेलो. वृद्ध कलावंतांचं मानधन.
उजवा हात हल्ली थरथरतो, यंत्राला थरथर चालत नाही.
डाव्या हाताची बोटं टेकवली. नाही.
पुसून टेकवली. नाही.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
आजोबा, तुमच्या बोटांवर काहीच उमटत नाहीये.
पन्नास वर्षं तारांवर घासलेली चार बोटं,
गारगोटीसारखी गुळगुळीत.
शेवटी डावा अंगठा घेतला यंत्राने.
जो गिटारच्या मानेमागे
कुणाला न दिसता
नुसता दाबून धरलेला असायचा, तो.

पडद्यावर नाव आलं : हर्बट क्रियाडो.
स्टुडिओच्या जुन्या दाखल्यावरून उतरलेलं,
म्हणजे माझ्याच अक्षरातलं.
दुरुस्त करायचंय का, मुलीने विचारलं.
मी पुढे झालो, कान तापलेले,
तर त्याने माझ्या बाहीला धरून मागे ओढलं.
‘राहू दे,’ म्हणाला,
‘तो पन मीच.’