पितळेची झाळ

लुनेनबर्गच्या वरच्या अंगाला
व्हर्ना निकलच्या शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
तो तिथं टेकून होता. किती वर्षं, तिलाही आठवेना.
"ने बाबा," म्हणाली, "दोनदा अंगठा ठेचलाय माझा."
मोबदल्यात मी तिचा फ्यूज बदलून दिला.
चाळीस किलो बीड. मागच्या सीटवर पट्टा लावून आणला,
रुसलेल्या जावयासारखा.

व्हाइस कसला, दातखीळ बसलेली.
आट्याआट्यांत समुद्राचं मीठ.
दांड्यात पाईप घालून जोर केला: ढिम्म.
घणाकडे हात गेला, मी तो मागे घेतला.
बिडावर घण घालू नये. हे मी कसं शिकलो
ते पुढं येईलच.

मग सकाळ-संध्याकाळ तेल, औषधासारखं, थेंब मोजून.
थोडी ऊब. परत तेल.
अकराव्या दिवशी, बाहेर खाडी गोठत असताना,
आत काहीतरी टचकन सुटलं
आणि दांडा पाव इंच फिरला.
तळघरात मी एकटाच "हं!" म्हणालो.
जबड्यांतून पडला काडेपेटीचा चपटा पुठ्ठा;
कुणीतरी कधी काही नाजूक धरलं होतं इथं.

निळं पिंप, पाणी, धुण्याचा सोडा,
बॅटरीचा चार्जर आणि एक भंगार सळई.
रात्रभर बुडबुडे.
"शिजलं का रे तुझं?" ग्रेटानं जिन्यावरून विचारलं.
सकाळी वर तपकिरी साय.

तारेचा ब्रश घेतला. आधी निघाला निळा,
मग करडा, मग
गोदीचा हिरवा.
हिरव्यापाशी हात थबकला. तो हिरवा मला ठाऊक होता.
तरी घासत राहिलो.

मानेच्या डाव्या बाजूला पिवळं दिसलं.
पितळेची झाळ. वाकडी, गाठाळ,
शेवटी एक फुगीर गोळा,
हात कापला आणि ज्योत तिथंच रेंगाळली, त्याचा.
माणसाचं अक्षर ओळखू येतं तसं
ते मला ओळखू आलं. माझंच होतं.

एकाहत्तर साल. सतरा वर्षांचा उमेदवार,
अडकलेला बोल्ट, अधीर घण,
आणि बिड तडकल्याचा आवाज, हाडासारखा.
रात्री चोरून आलो, भेग झाळली, वर हिरवा फासला.
आठवडाभरात फोरमनच्या बोटाला गाठ लागली.
बाक एमरी टॅनरचा. म्हणून पगारही एमरीचाच कापला,
दर शनिवारी, सात शनिवार.
त्याच सुमारास त्याला तिसरी मुलगी झाली होती.
एमरी काही बोलला नाही. मी तर नाहीच.

घासून सपाट करायला अर्धा तास पुरला असता.
ग्राइंडर काढला, प्लग लावला.
तेवढ्यात ग्रेटानं जेवायला हाक मारली. बरं झालं.

रविवारी आट्यांना ग्रीस, अंगाला काळा रंग.
झाळेवर चिकटपट्टी लावून तेवढी उघडी ठेवली.
कड सरळ आली नाही.

मग फोन. एमरी ब्रिजवॉटरला असतो,
एक्क्याऐंशीचा, ऐकायला कमी.
सगळं दोनदा सांगावं लागलं,
दुसऱ्यांदा ओरडून, म्हणजे ग्रेटानंही ऐकलं.
पलीकडे बराच वेळ नुसती हॉकीची मॅच.
मग म्हणाला, "धरतो का अजून?"
"वहीचा कागद धरून ओढला," म्हणालो.
"फाटला. सुटला नाही."
"हं."
परत मॅच. कुणीतरी गोल केला असावा.

"माझ्याकडे एक करवत आहे," एमरी म्हणाला,
"दात पार गेलेत तिचे. घेऊन जा.
सोमवारी नको, सोमवारी डॉक्टर.
मंगळवारी ये."