रात्रपाळी

डॉक्टर इंजिनियरांनी हृदय काढून दाखवलं,
औषधकंपनीच्या पॅडवर, बॉलपेनानं.
वर दोन खोल्या, खाली दोन.
म्हणाले, वरच्या खोल्या नुसत्या थरथरतायत, बाई,
मिनिटाला चारशेच्या वर.
मध्ये एक गाठ असते, ती सगळंच खाली सोडत नाही.

म्हटलं, म्हणजे ऑपरेटर.

ते थांबले. मी सांगितलं,
चौतीस वर्षं प्रभादेवीच्या एक्स्चेंजमध्ये काढली,
हेडफोनच्या पट्टीनं इथले केस गेलेत, बघा.
बोर्डावर सगळे दिवे एकदम पेटले
तर एक बाई कितींना जोडणार?
जमेल तितक्यांना.
बाकीच्यांना, लाइन बिझी आहे.
ते हसले. म्हणाले, तुम्हाला सगळं समजलं.

मला चित्र समजलं होतं.
भाकरी थापताना छातीत
पिशवीतली चिंबोरी हलावी तसं जे होतं
ते चित्रात कुठे होतं?

मग शॉक दिला. भूल देऊन, पट्ट्या चिकटवून.
एकोणीस दिवस ठोका ओळीत चालला.
विसाव्या दिवशी दळण घेऊन जिना चढताना
दुसऱ्या मजल्यावर चिंबोरी परत.
संध्याकाळपर्यंत कुणाला बोलले नाही.
पीठ चाळून डब्यात भरलं.

आता गोळ्या दोन.
एक ऑपरेटरला दटावायला, हळू घे, सगळेच कॉल जोडू नकोस.
दुसरी रक्तासाठी.
हे उशिरा कळलं मला,
की खरी भीती धडधडीची नव्हेच,
साचलेल्या रक्ताची.
थरथरत्या खोलीच्या कोपऱ्यात ते दह्यासारखी कवडी धरतं,
आणि कवडी सुटली की
मेंदूपर्यंत थेट लाइन.
खालच्या मजल्यावरच्या ताम्हाण्यांची तशीच लागली.
उजवी बाजू गेली, बायकोचं नाव गेलं.
‘अगं’ तेवढं राहिलं.

म्हणून विळी जपून. दात घासताना जपून.
मेथी बंद नाही, पण माप तेच ठेवायचं,
या आठवड्यात तीन जुड्या आणि पुढच्यात शून्य, असं नाही.
भाजीवाली म्हणते, काकी, स्वस्त झालीय, घ्या की.
तिला काय सांगू, माझं रक्त मोजून पातळ केलेलं आहे.

नवी गोळीही आली आहे,
तिला ना मेथीचं वावडं, ना दर महिन्याची सुई.
शर्वाणी म्हणते मी पैसे देते. आणि ते नळी घालून
आतली वायर भाजतात म्हणे, तेही करून घे, आई.
बघू, म्हणते मी.
बघू म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक आहे.

रात्री विश्राम घोरत असतात.
मी डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवते.
दोन जवळ जवळ, एक लांब,
मग कुणीच नाही,
हॅलो,
हॅलो,
मग तीन एकदम, भांडत आल्यासारखे.
मोजत नाही आता. मोजलं की वाढतात.
नुसती बोर्डावर बसून राहते,
चार वाजता कावळे बोलेपर्यंत.

लॅबचा पोरगा सकाळी येऊन गेला.
दुपारी फोन आला, दोन पूर्णांक चार.
दोन ते तीनच्या मध्ये हवं, म्हणजे जागेवर आहे.
कॅलेंडरवर आजच्या चौकोनात
दुधाचा खाडा आधीच मांडलेला होता,
त्याच्याच खाली बारीक अक्षरात लिहिलं.
दूध नाही.
रक्त २.४.