डाव्या कानाला खाच

मॉझेल आत्या गेली तेव्हा तिची गाडी भावाला मिळाली,
मला बुटांची सात खोकी.
प्रत्येकावर तिच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द: सॉर्ली.

सॉर्ली मॅकेकर्न. आमचा पहिला.
किंटायरहून जहाजाने आला म्हणे, सतराशे चाळीसच्या आसपास,
केप फिअर नदीच्या या काठाला, पाइनच्या रानात,
जिथे अजूनही खड्डा खणला की
डांबराच्या भट्टीचा कोळसा वर येतो.
म्हणे.
आत्याच्या टिपणांत हा शब्द
पूर्णविरामापेक्षा जास्त वेळा येतो.

जहाजाच्या यादीत तो नाही.
करवसुलीत आहे एक मॅकाहर्न,
जमिनीच्या सनदेत मॅक्कॅकरन,
कुणाच्या तरी मृत्युपत्रावर साक्षीदार: कॉकरन.
कारकून कानावर पडेल ते लिहिणार,
हा बोलणार गेलिक, आणि बहुधा दात पडलेले.
त्यात सॉर्लीचं इथे कधी चार्ल्स होई, कधी सॅम्युएल.
म्हणजे आता प्रत्येक चार्ल्सकडे संशयाने बघायचं,
प्रत्येक सॅम्युएलला वाटेत गाठून विचारायचं,
खरं नाव काय हो तुमचं?

चौथ्या खोक्यात दोन सॉर्ली निघाले.
एकाच वर्षी, एकाच ओढ्यावर.
एकाची बायको एफी. दुसऱ्याचीही एफी.
आत्याने एकावर लाल पेन्सिलीने फुली मारलेली,
मग ती खोडून दुसऱ्यावर.
या दोन फुल्यांमध्ये किती वर्षं गेली कुणास ठाऊक.
त्याच कागदामागे मक्याच्या सूपची कृती आहे,
आणि काकांच्या औषधांच्या वेळा.

नदीचं मूळ शोधू नये, ते बरोबरच असेल.
आमचा ओढा चहाच्या रंगाचा,
हात बुडवला की मनगटापुढे आपला हात आपला राहत नाही.

मी तीस वर्षं शाळेची बस चालवली.
मला वळणं लक्षात राहतात, तारखा नाही.
म्हणून कोर्टाच्या तळघरात मी नावं शोधणं सोडलं
आणि गुरांच्या खुणांची वही मागितली.
गुरं रानात मोकळी, तेव्हा ज्याने त्याने
आपल्या गाईचा कान सरकारदरबारी नोंदवायचा.

आणि तिथे, वाळवीने खाल्लेल्या कडेला:
सॉर्ली मॅकॅकर. डावा कान टोकाला छाटलेला, खाली खाच.
उजवा चिरलेला.
सहीच्या जागी एक वाकडी रेघ.
शेजारी कारकुनाने कान काढून दाखवलाय,
वहीभर त्याच्या हातून एवढंच नीट झालंय.
मी नकळत माझा कान चाचपला.

खूण वारसाला मिळते.
पानं उलटत गेलो. एकोणतीस वर्षांनी तोच कान,
तीच खाच, तीच चीर.
नाव: डॉर्कस पर्डी. स्वतंत्र, मिश्रवर्णी.
गुरं सॉर्लीकडून आलेली.
कशी आलेली, ते नाही.
ती त्याची कोण, ते नाही.
त्याने तिला कधी विकत घेतलं होतं का,
हे विचारायला वहीत रकाना नाही.

घरी येऊन सातवं खोकं पालथं केलं.
तळाशी एक चिठ्ठी, पेन्सिल जवळजवळ पुसलेली:
खुणांची वही, पान २१२.
पुढे काही नाही. म्हणे सुद्धा नाही.
आत्या इथवर पोचली होती
आणि झाकण लावून
चर्चच्या बायकांसाठी केक करायला गेली होती.

ओढ्यापलीकडे पर्डी राहतात.
त्यांची तीन मुलं माझ्याच बसने जायची,
चौदावा थांबा, गंजलेल्या टपालपेटीपाशी.
चार दिवस फोनकडे बघत काढले. पाचव्या दिवशी लावला.
ओडेसाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
मागे कुणीतरी भांडी विसळत होतं, ते थांबलं.

"डॉर्कसपर्यंत आम्हाला सगळं पाठ आहे," त्या म्हणाल्या.
"तिच्या मागेच अडतं."

मग जरा वेळाने, "शनिवारी या. आणि ती खोकी आणा. सगळी."

मागच्या सीटवर ओळीने ठेवलीत.
पट्टा लावून.