मंगळवारची गाडी, शनिवारी

मंगळवारी मी यांना दवाखान्यात नेतो.
कुणाची साखर, कुणाचा गुडघा,
कुणाला नुसतंच कुणाशी तरी बोलायचं असतं,
सगळं मला तोंडपाठ.
आज शनिवार. आज गाडी अवेळी घाट चढली
आणि वळणावळणावर समोरून ससे येत होते, उतरणीला,
रस्त्याची उजवी बाजू धरून, शिस्तीत.

गावाचं नाव फोंत-फ्रिया. म्हणजे थंड झरा.
हसू नका.
अकरा घरं, त्यातली चार पॅरिसला गेलेल्यांची,
फक्त ऑगस्टात उघडणारी.
उरलेल्यांत नऊ माणसं,
माझी गाडी बारा सीटची.

बेल्मीरूनं चाळीस वर्षं पाइनची राळ काढली.
खोडाला चीर द्यायची, खाली मातीचं भांडं टांगायचं,
आणि वाट बघायची.
तो अंगणात डोळे मिटून उभा होता.
"हा तडतडाट पाइनचा नाही," म्हणाला,
"हा निलगिरीचा. कागदकारखान्यानं लावलेली ती.
निलगिरी फुटते. पाइन आधी रडतो.
अजून वीस मिनिटं आहेत आपल्याकडे."
अठरा होती.

दिओलिंदानं गावभट्टीतले पाव काढले,
अर्धे कच्चे, आणि एप्रनमध्ये बांधले.
एर्मीन्यूनं औषधांचा डबा घेतला, कवळी विसरला.
झुल्मीरानं गोठ्याचं दार
नुसतं उघडलं नाही, बिजागरीतून उखडून काढलं,
वाऱ्यानं मागाहून लागायला नको म्हणून.
शेळ्यांना म्हणाली, जा.
त्या गेल्या नाहीत.
तिनं दगड मारले. पहिल्यांदाच, ती नंतर म्हणाली,
आणि ते गाडीत तीनदा म्हणाली.

भर दुपारी दिवे लावून मी उतरलो.
दरीपलीकडचा अख्खा डोंगर
शेगडीतल्या निखाऱ्यासारखा आतून उजळलेला.
खरं सांगू? सुंदर दिसत होता.
हे मी त्यांच्यातल्या कुणाला बोललो नाही.
काचेवर राख बसत होती, मी वायपर लावला,
तर ती पसरली
आणि काही वेळ मला रस्ता दिसेना.
बेल्मीरू मागून वळणं सांगत राहिला,
डावं, आता उजवं, आता मोठं डावं,
पाठीवर राळेचे डबे घेऊन तो ती चालला होता.

खाली, बास्केटबॉलच्या हॉलमध्ये खाटा मांडलेल्या.
एर्मीन्यूनं माझा मोबाइल मागितला
आणि स्वतःच्याच घरी फोन लावला.
बराच वेळ ऐकत राहिला.
"वाजतोय," म्हणाला.
"म्हणजे भिंत आहे."
मग रांगच लागली.
माझा मेहुणा टेलिफोन कंपनीत होता. त्यानं एकदा सांगितलेलं,
की ती रिंग घरातून येत नसते,
येते एक्स्चेंजमधून, तिला घराचं काही ठाऊक नसतं.
मी नंबर लावून देत राहिलो.
दिओलिंदाचा वाजला नाही.
पुन्हा लावला. पुन्हा नाही.
"बिल भरायचं राहिलं असेल," ती म्हणाली,
आणि सगळ्यांना पाव वाटायला लागली.
मधला भाग चिकट होता. आम्ही खाल्ला.

झुल्मीराच्या घरी फोन कधी नव्हताच.
पण रांगेत तीही होती, सगळ्यांत शेवटी.
"नंबर?" मी विचारलं.
तिनं उत्तर दिलं नाही. मोबाइल घेतला,
दोन्ही हातांनी कानाशी धरला, मग तोंडाशी,
आणि जीभ टाळ्याला लावून
संध्याकाळी शेळ्यांना घालायची ती साद घातली,
हळू, खाटांवरचे जागे होऊ नयेत इतकी.
मग ऐकत राहिली.
बॅटरी चार टक्के होती.
मी काही बोललो नाही.