पुन्हा एकदा, दिवाडी

फेरीबोटीतून उतरलो तेव्हा कॅमेरा आधीच सुरू होता.
म्हणे, तुमची पहिली भेट खरी हवी.
खरं म्हणजे सकाळीच पणजीच्या हॉटेलात
एकमेकांच्या पुढ्यातला पाव मोडून खाल्ला होता आम्ही.
तरी मिठ्या मारल्या. दोनदा.
मधे विमान गेलं म्हणून.

टेकडीवरचं मायाद्वार आता नाही.
प्लायवूडच ते, पावसाने नेलं.
एक फळी लुदोविनाच्या डुकरांच्या खुराड्याला आहे,
तिच्यावर अजून अर्धा सूर्य.
तिच्यासमोर प्रज्योतने मंत्र म्हणायचा होता.
चार सिनेमे म्हटलेला मंत्र,
तिसरा शब्द काही येईना.
बूम धरलेल्या पोराने सांगितला,
तेव्हा जन्मलाही नव्हता तो.

एक खुर्ची रिकामी, वर पत्र्याचा मुकुट.
मनस्विनीबद्दल बोला.
मी म्हणाले, तिला कोळंबी चालायची नाही.
एवढ्या दिव्यांत दुसरं काही आठवेना.

जेवणाच्या सुट्टीत दिवे विझले.
कायतान, आमचा राक्षस, खुर्चीतच बसून होता,
दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
तिसऱ्या भागात त्याने मला तळहातावर उचललं होतं.
म्हणजे, तारा होत्या. कमरेला वळ आहे अजून.
त्याने हात पुढे केला.
मी त्यावर नुसता माझा हात ठेवला.
“जड जालें गो तूं,” म्हणाला,
लहान पोरीला म्हणतात तसं,
आणि श्वास धरून राहिला.

लांबून कुणीतरी विचारलं,
सोलकढी कुणाकुणाला?

मग त्याने मला अलगद खाली ठेवलं.