जादा खर्चाचे पर्याय

कागद पिवळा होता.
सेल्स ऑफिसात टेबलावर खारे बदाम, पाण्याच्या बुटक्या बाटल्या,
आणि ब्रिआना नावाची मुलगी, पेनाचं टोपण चावत.
डेटनच्या बाहेर, जिथे परवापर्यंत मका उभा होता,
तिथे आमचं घर म्हणजे अजून चार खुंट्या आणि सुतळी.

प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन.
खूण केली की पैसे वाढत.
ओळ नऊ : तळघराला जादा खिडकी.
ओळ अकरा : छतात स्प्रिंकलर, संपूर्ण घर.
ओळ बारा : ओट्याला ग्रॅनाइट.
अकरा-बाराचे आकडे सख्ख्या भावांसारखे.

"अकरा फारसं कुणी घेत नाही," ब्रिआना म्हणाली,
वाईट हेतूने नाही, हॉटेलात सांगतात तसं,
की आज पालक तितका ताजा नाही.
हेमंत म्हणाला, गळलं तर? नव्या छताला डाग.
मी म्हणाले, देवापुढे निरांजन लावलं
आणि वरून धो धो पाणी आलं तर?
आम्ही तिघंही हसलो.

निरांजनाने काही होत नाही.
काचेची नळी असते, करंगळीच्या पेराएवढी,
आतलं लाल पाणी अडुसष्ट अंशांना तिला फोडतं,
आणि जिथे आग, तिथलंच तोंड उघडतं.
हे मला आता माहीत आहे.
तेव्हा कुणी सांगितलं नाही असं म्हणणार होते,
पण आम्ही विचारलंच कुठे.

मी बारावर खूण केली.
दगड आला ओंगोलचा, काळा, आत चांदीचे कण.
पोळपाट बाजूला ठेवून मी त्यावरच पोळ्या लाटायची.

शेजारी लोरेटा आणि वॉल्टर.
तोच नकाशा, आरशात पाहिल्यासारखा.
तोच कागद. तीच खूण.

फेब्रुवारीत त्यांचा ड्रायर पेटला.
आधी नुसता वास, कुणी इस्त्री विसरल्यासारखा.
मी फोनवर पत्ता सांगेपर्यंत
वरच्या खिडकीचा रंग बदलला.
बंब लवकर आला.
सगळे म्हणाले, लवकरच आला.
वॉल्टर जिन्यापर्यंत पोचला होता.
जिना नव्हता.

तिसऱ्या दिवशी राखेत मला तो ओटा दिसला,
मधोमध तडकलेला,
कडेला चांदीचे कण तसेच.

मेमध्ये शाळेच्या जिममध्ये सुनावणी झाली, बास्केटबॉलच्या जाळीखाली.
नव्या घरांना सक्ती करायची की नाही.
प्रत्येकी तीन मिनिटं.
बिल्डरांचा माणूस म्हणाला, किमती वाढतील,
तरुण जोडपी भाड्याच्या घरातच राहतील,
आणि या देशात माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे.
सगळंच खोटं नव्हतं. हप्ता आमच्याही गळ्याशी होता.

घाबरले की माझं इंग्रजी आधी मराठीत चाचपडतं.
तरी उभी राहिले.
म्हटलं, मला निवड दिली होती तुम्ही.
मी दगड निवडला.
जिन्याला कठडा हवा का, असा चौकोन नव्हता त्या कागदावर.
तारांना अर्थिंग हवं का, कुणी विचारलं नाही.
ते ठरलेलं होतं, आणि त्याचं मला कधी ओझं झालं नाही.
अकरावी ओळ काढून टाका.
माझ्यासारखीच्या हातात ती देऊ नका,
तिच्यासमोर बदाम असतात, आणि ती हसत असते.

घंटा वाजली. माझं संपलं नव्हतं.
दुसऱ्या रांगेतून लोरेटाने हात वर केला,
मांडीवरची पर्स सावरत म्हणाली,
माझी तीन मिनिटं तिला द्या.
मग मला एकही वाक्य आठवेना.

निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.

काल एक फिटर येऊन वर बघून गेला.
बांधलेल्या घरात पाइप घालायचे तर
खर्च तिप्पट, आणि छत जागोजागी फोडावं लागेल,
रंग काही जुळणार नाही.
हेमंतने माझ्याकडे पाहिलं.
मी ओट्यावरचं पीठ पुसत होते.
म्हटलं, फोडू दे.
डाग पडला तर पडू दे.