गंज

आडनाव निनावे, आणि धंदा नाव घालण्याचा.
इतवारीत, भांडे ओळीत माझं स्टूल,
हातात विजेची सुई, टरटर टरटर,
तीस वर्षं लोकांची लग्नं, बारशी, तेरव्या
पितळेच्या गळ्याशी कोरतो आहे.
अक्षराला पैसे. वेलांटी फुकट.

मेडिकलच्या गेटाशी संध्याकाळी खिचडी शिजते
ती सगळी माझ्याच अक्षरांत.
पराती विहाराच्या,
बादल्या मशिदीच्या, मोमिनपुऱ्यातून सायकलवर येतात,
झारा गुरुद्वाऱ्याचा, लहान पोराच्या उंचीचा,
झाकणं सदरच्या चर्चची
(‘फिलोमिना हिच्या स्मरणार्थ’,
आधी ‘कै.’ घालायचं की ‘स्व.’
यात एलिसबाईंनी अर्धा तास घेतला,
शेवटी दोन्ही नको म्हणाल्या).
रात्री अंधारात घासताना
सगळं एकमेकांच्या घरी जातं.
मग रौफ मिस्त्रीचा फोन येतो:
निनावे, तुमचा मारोती कालपासून
आमच्या ओट्यावर येऊन बसलाय,
घेऊन जा, नाहीतर बिर्याणी शिकेल.

मग वर्गणीतून नवा गंज आणला.
जर्मनचा, शंभर लिटरचा, सगळ्यांचा.
आणि त्याच्यावर नाव कोणाचं?
तीन बैठका झाल्या. चहाचे पैसे वर्गणीतून.
पाचही नावं घाला, ठरलं.
वर कोणाचं, अडलं.
वेणूताई मेश्राम म्हणाल्या,
‘अरे गोल आहे ना तो, वर कुठं आहे त्याले?’
सगळे हसले.
‘तो फिर शुरू कहाँ से?’ त्रिलोचनसिंगनं विचारलं,
आणि गंज महिनाभर कोराच राहिला.

होळीची पौर्णिमा आली.
रौफचा रोजा.
वेणूताईंचं अष्टशील, दुपारनंतर घास नाही.
एलिसबाईंचा उपवासकाळातला शुक्रवार.
माझा होळी पेटेस्तोवर उपास, आईनं लावलेला.
त्रिलोचनसिंगच्या पोटाला कसला नियम नाही,
पण त्याच दिवशी त्याची दाढ उपटलेली,
गालात कापूस.
दोनशे माणसांची खिचडी रटरटते आहे
आणि मीठ बघायला एक जीभ नाही.

रांगेत पहिली एक बाई होती.
धानोऱ्याकडची. पदराच्या गाठीत केसपेपर,
नवरा आत, चौथा दिवस.
तिच्या तळव्यावर झाऱ्यानं चिमूटभर ठेवली.
तिनं फुंकली. खाल्ली.
आम्ही पाच जण तिच्या तोंडाकडे
रिपोर्ट यायचा असावा तसे बघत.
‘मीठ बराबर आहे,’ ती म्हणाली.
मग मान वळवून मागे पाहिलं,
रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत गेलेली,
‘पानी टाका अजून जराशीक.
मानसं गंज आहेत.’

तिकडे पुण्याला गंज म्हणजे
लोखंडाला लागतो तो.
आमच्याकडे गंज म्हणजे हे भांडं,
आणि तिच्या गावाकडे गंज म्हणजे पुष्कळ.
त्रिलोचनसिंगनं बादली ओतली.
पातळ झाली. पुरली.
खरवडायला सुद्धा उरली नाही,
रौफनं खजूर वेणूताईंच्या पुढे धरला,
त्यांनी तो उद्यासाठी पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गंज आडवा केला
आणि आयुष्यात पहिल्यांदा
नाव घालायला मी भांड्याच्या आत डोकं घातलं.
आत सुईचा आवाज केवढा होतो,
दात हलतात.
बादली ओतल्यावर पाणी जिथं आलं होतं
तिथं ओलीचा पांढरा माग राहिला होता.
त्याच्यावरून एक रेघ ओढली, पूर्ण गोल,
जिथून सुरू केली तिथं नेऊन मिळवली.
बाहेरून गंज अजून कोराच आहे.
पैसे घेतले नाहीत. अक्षरच नव्हतं एकही.

मे महिन्यात, वॉर्डाबाहेरही खाटा लागल्या तेव्हा,
चार बोटं वर दुसरी रेघ ओढली.
रौफ म्हणतो, काठाशी जागा ठेव.